इंगवले बापूंचा शिक्का

गेल्या महिन्यात पुण्यात आम्हा जुन्या दोहावाल्यांचं एकत्र जेवण झालं. दोहावाले म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांत कतारला नोकरी करून आलेले, आता गुडघे बदलून घेतलेले आणि तरीही ‘यल्ला, बसा जेवायला’ म्हणणारे लोक. मसालेभात वाढला जात असताना पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, “तो टाक्यांवाला इंगवले आठवतो का रे? शिक्का भाड्यानं देऊन पोरीचं लग्न उरकलं त्यानं.” सगळे हसले. मीही हसलो. मसालेभात पुन्हा मागून घेतला.

घरी आल्यावर मात्र झोप लागेना. तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो. इंगवले बापूंनी शिक्का भाड्यानं दिला नव्हता. त्यांनी तो माझ्याकडे सांभाळायला दिला होता आणि मी तो वापरला.

हे लिहायला मला चाळीस वर्षं लागली. आता लिहून झालंच आहे, तर बापूंविषयी जरा ऐसपैस सांगतो. नाहीतर त्यांच्या नावापुढे जेवणावळीतली ती एक ओळच राहील, आणि तो माणूस इतका गमतीचा होता की तेवढ्यावर त्याला सोडणं बरं नव्हे.

बापू सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमधून थेट दोह्याला आले होते. बुटके, पोट सुटलेलं, आणि कान असे मोठे की टोपी त्यांच्यावर टेकलेली असायची. आमची कंपनी पाण्याच्या पोलादी टाक्या बनवायची. वेल्डिंग झालेली टाकी चालेल की नाही, हे ठरवणं बापूंचं काम. मी चिपळूणचा बी.कॉम., ऑफिसात टायपिंग आणि जहाजाचे कागद बघायचो. सलवा रोडच्या बाजूला आमचा कॅम्प होता. पत्र्याच्या लांबलचक खोल्या, एका खोलीत चौघं. माझ्या शेजारची कॉट बापूंची.

त्यांची तपासायची रीत अशी. टाकी काठोकाठ पाण्यानं भरायची आणि एक दिवस, एक रात्र तशीच ठेवायची. दुसऱ्या दिवशी बापू छोटी हातोडी घेऊन येत, टाकीभोवती फिरत, प्रत्येक सांध्यावर टकटक करत आणि कान लावत. पाहुण्या इंजिनियरांना वाटायचं, म्हातारा नाटक करतोय. पण बापूंनी खडूनं फुली मारलेल्या जागी कापून बघितलं, तर आत वेल्डिंग पोकळ निघायचंच. पाणी टँकरनं विकत आणावं लागे, त्यामुळे आमचे मॅनेजर देवधर साहेब वैतागत. अर्धी भरून बघितली तर काय बिघडतं, असं त्यांनी एकदा विचारलं. बापू म्हणाले, “पानी कुनाच्या वळखीचं नसतंय सायेब. फट घावली की निगालं.”

टाकी पास झाली की शिक्का. बोटभर लांबीचा पोलादी तुकडा, टोकाला इंग्रजी बी आणि आय ही दोन अक्षरं, भोवती गोल. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये स्वतः घडवलेला. टाकीच्या पायावर एक पितळी पट्टी रिव्हेटनं बसवलेली असे, तिच्यावर शिक्का धरून बापू एकच ठोका मारत. दुसरा मारावा लागला तर तो दिवस त्यांना वाईट जायचा. काम झाल्यावर शिक्का रॉकेलनं पुसून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून कमरेला.

ही तपासणी यार्डात थांबली असती तर ठीक होतं. पण बापूंचा कान चोवीस तास चालू. कॅम्पात प्रत्येक खोलीत एक प्रेशर कुकर होता. संध्याकाळी शिट्ट्या सुरू झाल्या की बापू कॉटवरून उठत आणि आवाजाच्या मागावर निघत. ज्या कुकरची शिट्टी पसंत पडली नाही, त्याच्या झाकणावर खडूची फुली. फुली पडलेल्या कुकरातला भात खायला कुणी धजेना. साताऱ्याच्या एका वेल्डरनं तर बापू दिसले की गरम कुकर सूटकेसमध्ये लपवायची सवय लावून घेतली होती. सूटकेसमधून शिट्टी झाली आणि ती सवय सुटली.

एका गणपतीत देवधर साहेबांनी कॅम्पातल्या आम्हा मराठी लोकांना आरतीला घरी बोलावलं. साहेब पुण्याचे, दोह्यात मोठा फ्लॅट, पडदे, गालिचे. आम्ही चपला कुठे काढायच्या याच विवंचनेत. आरती ऐन रंगात आली आणि स्वयंपाकघरात कुकर वाजला. बापूंची टाळी थांबली. पुढच्या कडव्याला ते जागेवर नव्हते. देवधर वहिनी आत जाऊन बघतात तो हा गृहस्थ गॅस बंद करून झाकणावर खडू ओढतोय.

“अहो इंगवले, माझ्या माहेरचा कुकर आहे तो,” वहिनी म्हणाल्या.

“म्हायेरचा हाय म्हनूनच सांगतो वैनीसायेब. ह्याचा वॉल चोंदलाय. म्हायेराला नाव लागंल.”

कुकरचा व्हॉल्व्ह खरंच चोंदला होता. पुढे दर वर्षी वहिनींकडून बापूंना मोदकांचा वेगळा डबा यायचा. देवधर साहेब त्या दिवशी खूप हसले, पण चारचौघांत आपल्या घरातल्या वस्तूवर फुली पडल्याचं ते विसरले नसावेत.

एवढा काटेकोर माणूस पत्त्यांत मात्र पक्का लबाड. गुरुवारी संध्याकाळी रमीचा डाव बसायचा. पैसे नसायचे, नुसतीच इभ्रत. बापू मांडीखाली जोकर दाबून बसत आणि पकडले गेले की जराही लाजत नसत. मी एकदा टोचलं, “बापू, टाकीला एवढा न्याय आणि इथं हे?” तर म्हणाले, “पत्तं कुनी प्येतं का रं?” आणि शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळपासून अंघोळ करून हा माणूस सगळ्या रांगेसाठी मटण शिजवायचा. शुक्रवारी हातोडीला ते हात लावत नसत. त्या दिवशी कान फक्त मटणाकडे.

यार्डात बापूंचा खरा दोस्त यूसुफ. तो रंगारी होता. त्याच्या देशाचं नाव मी लिहीत नाही. ती माणसं कशीबशी पुन्हा उभी राहिली आहेत, त्यांच्या जुन्या गोष्टी माझ्या तोंडून नकोत. तिथे बरीच वर्षं लढाई चालली होती. यूसुफ मूळचा चित्रकलेचा मास्तर. शाळा पडली, घर पडलं, तो दोह्यात आला आणि टाक्यांवर रंग देऊ लागला. लढाई थांबल्यावर कतारमधल्या काही दानशूर मंडळींनी त्या देशाला पाण्याच्या टाक्या द्यायचं ठरवलं आणि ती ऑर्डर आमच्या कंपनीला मिळाली. चाळीस टाक्या, चाळीस गावांसाठी. प्रत्येक टाकीवर गावाचं नाव अरबीत काढायचं काम यूसुफचं.

टाक्या बनायच्या आधीच तो पत्र्याच्या तुकड्यांवर नावांचे नमुने काढायचा आणि काढता काढता बापूंना त्या गावाची माहिती द्यायचा. यार्डातल्या मोडक्या हिंदीत. या गावचे जर्दाळू मोठे, त्या गावच्या बायका भांडकुदळ. आपल्या गावची टाकी तो शेवटी रंगवणार होता. बापूंना अरबी अक्षर येत नव्हतं, पण यूसुफच्या गावाचं नाव त्यांनी मधल्या तीन ठिपक्यांवरून पाठ केलं होतं.

तिकडच्या सरकारविषयी यूसुफ बोलायला लागला की आमची हसून मुरकुंडी वळायची. त्याच्या तालुक्यात एका पुलाचं तीनदा उद्घाटन झालं होतं. प्रत्येक वेळी वेगळा मंत्री, वेगळी फीत. पूल अजून नव्हता, लोक नदीतूनच जायचे. मदतीत आलेल्या सिमेंटच्या गोण्यांवर ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेलं असायचं, आणि बाजारात त्याच गोण्या जास्त भावानं जायच्या, कारण त्यांत खरंच सिमेंट असायचं. बापू ऐकून म्हणायचे, “आमच्याकडं बी खात्यात. पर अर्दा पूल तरी बांदत्यात.” यूसुफ म्हणायचा, अर्धा पूल बांधणारा मंत्री आम्हाला चालेल, पाठवून द्या.

मग त्या देशाच्या पुनर्बांधणी खात्याचं शिष्टमंडळ आलं. पाच जण. पाचही जणांना डॉक्टर म्हणायचं, अशी सूचना आली होती. कशाचे डॉक्टर, हे शेवटपर्यंत कळलं नाही. ते यार्डात दहा मिनिटं होते आणि बाजारात तीन दिवस. जाताना त्यांच्याबरोबर गेलेल्या खोक्यांचे कागद मीच टाइप केले, म्हणून सांगतो, त्यांत चार फ्रिज होते.

ते गेल्यावर ट्रकमधून टाक्यांसाठी पोलादी प्लेटा आल्या. बापूंनी एकीवर हातोडी मारली आणि मोजायच्या आधीच मान हलवली. सहा मिलिमीटरच्या जागी चार.

देवधर साहेबांनी मला केबिनमध्ये समजावून सांगितलं. अगदी शांतपणे, पोटच्या मुलाला सांगावं तसं. दानाचा आकडा ठरलेला आहे. पण तिथे बंदरात एक हात पुढे येतो, गोदामात दुसरा, ट्रकच्या परवान्याला तिसरा, आणि खात्यात तर विचारूच नकोस. सगळ्यांना देऊन जे उरतं त्यात चारचीच प्लेट बसते. “अरे, पुनर्बांधणी खातं आहे ते,” साहेब म्हणाले. “प्रत्येकाला आधी स्वतःचं घर बांधायचंय.” मी हसलो. साहेबांचं बोलणं नेहमीच छान असायचं.

त्या पाचांचे म्होरके, ज्यांना आम्ही मोठे डॉक्टर म्हणायचो, ते पुन्हा आले तेव्हा बापूंनी त्यांना यार्डातच गाठलं. दुभाष्या यूसुफ. बापू म्हणाले, पैसे कमी पडत असतील तर चाळीस पातळ टाक्या कशाला? पंचवीस करा, पण जाड करा. पंचवीस गावं तरी पाणी पितील. डॉक्टरांनी हसून सांगितलं की चाळीस गावांत चाळीस समारंभ ठरलेत, मंत्र्यांचा दौरा छापून झाला आहे. पंचवीस टाक्यांत चाळीस समारंभ कसे करायचे?

“मग करा,” बापू म्हणाले. “माजा शिक्का बसायचा न्हाई.”

यूसुफनं याचं भाषांतर केलं. बापूंची वाक्यं दोन, यूसुफ दोन मिनिटं बोलत होता. काय बोलला देव जाणे, पण डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते गेल्यावर यूसुफनं रंगाचा डबा खाली ठेवला आणि बापूंच्या कपाळाचं चुंबन घेतलं. बापूंच्या टोपीला हिरवा रंग लागला. “ह्ये काय बायकांसारखं,” असं पुटपुटत ते दिवसभर ती टोपी तशीच घालून फिरले.

पुढच्याच आठवड्यात बापू दोन महिन्यांच्या रजेवर गेले. मुलीचं लग्न होतं.

कॅम्पात रजेवर जाणाऱ्याची एक पद्धत होती. सामान वाटून ठेवायचं. कंपनीच्या कपाटावर कुणाचा विश्वास नसे. गाववाल्यावर किंवा शेजारच्या कॉटवर असे. बापूंनी रेडिओ एकाला दिला, गोधडी दुसऱ्याला, कुकर त्या सूटकेसवाल्या वेल्डरला. शिक्का माझ्या ट्रंकेत ठेवला, माझ्या शर्टांच्या खाली, स्वतःच्या हातानं. “कपाटाची किल्ली देवधराकडं आसती,” ते म्हणाले. “ट्रंकेची तुज्याकडं हाय.”

तेव्हा माझी परिस्थिती अशी होती. नलिनी, माझी बायको, चिपळूणला. मुलगी दीड वर्षाची झाली होती आणि मी तिला फक्त फोटोत पाहिलेलं. नलिनी पत्रांऐवजी कॅसेट पाठवायची. तिच्या बोलण्याच्या मागे पोरीचे हुंकार ऐकू यायचे. ती कॅसेट मी इतक्यांदा लावली की टेप चुरगळून तुटली. आणि फॅमिली व्हिसाचा माझा अर्ज देवधर साहेबांच्या टेबलावर आठ महिने पडून होता.

बापू गेल्यावर तीन आठवड्यांनी साहेबांनी मला घरी जेवायला बोलावलं. मला एकट्याला. श्रीखंड होतं. जेवण झाल्यावर बडीशेप देताना ते म्हणाले, “सुधाकर, तुझा व्हिसा या महिन्यात होऊन जाईल. जहाजही या महिन्यात सुटायला हवं.” मग बडीशेपेचा डबा बंद करून, “इंगवल्यांचा शिक्का तुझ्याकडे आहे, असं कळलं.”

त्यांनी धमकी दिली नाही. आवाजही चढवला नाही. मी हो म्हणालो आणि वहिनींना श्रीखंड छान झाल्याचं सांगून निघालो.

एका शुक्रवारी दुपारी सगळा कॅम्प बसनं गावात गेला होता. मी खोलीच्या उंबऱ्यावर बसलो, खाली वीट घेतली, आणि चाळीस पितळी पट्ट्या एकेक करून ठोकल्या. पहिल्या पट्टीला तीन ठोके लागले, अक्षर दुहेरी उमटलं. दहाव्या पट्टीपासून माझाही एकाच ठोक्यात बसायला लागला आणि, खोटं कशाला सांगू, मला जरा बरंही वाटलं.

मग दाखले टाइप केले. अमुक टाकी अमुक तारखेला पाणी भरून तपासली, इन्स्पेक्टर बी. इंगवले. तारखा बापू रजेवर जाण्याआधीच्या घालायच्या, दिवसाला चार टाक्या. समोर भिंतीवर गावाकडून आलेलं मराठी कॅलेंडर होतं. त्यावर रविवार लाल. मी काळजीपूर्वक प्रत्येक रविवार टाळला. तीन वर्षं कतारमध्ये शुक्रवारची सुट्टी घेत होतो, शुक्रवारचं मटण खात होतो, पण घाबरलेल्या माणसाचं डोकं चिपळूणला जातं. आठ टाक्या मी शुक्रवारी तपासून टाकल्या.

जहाज सुटलं. नलिनी आली आणि मी कॅम्प सोडून फ्लॅटवर राहायला गेलो. मुलगी विमानतळावर माझ्याकडे यायला तयार होईना, मग आली. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते आणि तेही मला नीट सांगायला हवं; मी काही रोज रात्री तळमळत नव्हतो.

बापू रजेवरून आले ते पेढे घेऊन. मी शिक्का त्याच फडक्यात गुंडाळून परत दिला. बापूंनी फडकं सोडलं, शिक्का उजेडात धरला, डोळे बारीक केले.

“ह्याला पितळ लागलंय,” ते म्हणाले.

“लागलं असेल आधीचं,” मी म्हणालो.

रॉकेलनं पुसल्याशिवाय तो माणूस शिक्का कधी ठेवत नसे, हे मला माहीत होतं. मला माहीत आहे, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी रॉकेलची बाटली काढली, शिक्का पुसला, आणि मला पेढा दिला. मुलीच्या सासरचं सांगत बसले.

चारेक महिन्यांनी यूसुफला घरून पत्र आलं. त्याच्या गावात मंत्री आले, बँड वाजला, तोटी उघडली, टाळ्या झाल्या. अकराव्या दिवशी टाकी सांध्यावर उभी फाटली आणि खाली मान टाकून बसली. आजूबाजूच्या गावांतही तेच. लोक पुन्हा त्या जुन्या विहिरीवर जायला लागले, जिच्यात लढाईत काय काय टाकलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. यूसुफच्या भावाची दोन्ही मुलं जुलाबानं दवाखान्यात होती. एक घरी आलं. पत्राबरोबर भावानं पितळी पट्टी उखडून पाठवली होती.

यूसुफ ती घेऊन बापूंसमोर उभा राहिला. त्याला वाटलं ते साधं होतं. टाक्या बनल्या तेव्हा बापू गावाला होते, म्हणजे शिक्का मागे ठेवून गेले होते. आणि मुलीचं लग्न तर थाटात झालं होतं.

“बापू,” तो म्हणाला, “सिक्का किराये पे दिया?”

बापूंनी पट्टी हातात घेतली. दुहेरी अक्षर होतं. माझी पहिली पट्टी. बापूंनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिली. त्या दिवसापासून यूसुफ त्यांच्याशी बोलेनासा झाला, आणि ‘शिक्का भाड्यानं दिला’ हे वाक्य कॅम्पात फिरायला लागलं. कुकर वाजले तरी बापू आता उठत नसत.

दात्यांच्या वतीनं कागद बघायला एक वयस्क कतारी गृहस्थ येणार, असं ठरलं. आदल्या संध्याकाळी बापू माझ्या फ्लॅटवर आले. पहिल्यांदाच. भांडायला आले होते. दार उघडलं तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. पण नलिनी पुढे झाली. कॅसेटला उत्तर म्हणून मी पाठवलेल्या कॅसेटींतून तिला बापू पुरते ठाऊक होते. तिनं वाकून नमस्कार केला, थालीपीठ लावलं, आणि कुकर आणून त्यांच्यापुढे ठेवला. “बापू, आमचाही बघा ना.” बापूंनी झाकण उलटसुलट करून बघितलं. चांगला आहे म्हणाले. पोरगी त्यांच्या कानाला लोंबकळत होती.

जिन्यापर्यंत मी पोचवायला गेलो. तिथे ते थांबले.

“उद्या तू बोल,” ते म्हणाले. “मी तुजं नाव घ्यायचा न्हाई. मी ट्रंकंत ठिवला, ती चूक माजी. पर बोलायचं तू.”

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी देवधर साहेबांच्या केबिनमध्ये ते कतारी गृहस्थ बसले होते. तरुणपणी मोत्यांच्या व्यापारात मुंबईत राहिलेले, हिंदी आमच्यापेक्षा चांगलं. त्यांनी दाखले पत्त्यांसारखे मांडले आणि आठ बाजूला काढले. तुमचा इन्स्पेक्टर जुम्म्याच्या दिवशी टाक्या तपासतो का, असं साहेबांना अगदी नम्रपणे विचारलं. साहेबांना घाम फुटला. मग त्या गृहस्थांनी यूसुफकडून मागवून घेतलेली पितळी पट्टी बापूंपुढे सरकवली.

“ये निशान किसका है?”

“मेरा.”

“किसने मारा?”

बापूंनी माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीबाहेर बघितलं. मी कोपऱ्यात वही घेऊन बसलो होतो, कारण बैठकीची नोंद ठेवणं माझं काम होतं. सगळे थांबले होते, बापू तर खासच. मी वहीत लिहिलं, ‘उत्तर दिले नाही.’

बापूंना काढून टाकायचं ठरलं. साहेबांनी फार वाईट वाटल्याचं सांगितलं. पुढे त्या देशाच्या खात्यानं फाटलेल्या टाक्यांच्या बदली नव्या चाळीस टाक्यांची मागणी केली आणि ती ऑर्डरही आम्हालाच मिळाली. मोठे डॉक्टर तोवर सचिव झाले होते. बापूंच्या आधी बापूंची बातमी गावाला पोचली. कॅम्पातली निम्मी माणसं त्यांच्याच भागातली होती. कारखान्यानं त्यांना परत घेतलं नाही. सासरच्यांनी मुलीला काय काय ऐकवलं, ते मला फार वर्षांनी कळलं. मी तिला आता पत्र लिहिलं आहे. या लिखाणाची एक प्रत तिलाही जाईल.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या शेवटच्या दिवसाचं. बैठकीनंतर बापू माझ्याशी एकदाच बोलले. कंपनीचं जाऊ दे, देवधराचं जाऊ दे, म्हणाले. “यूसुफला तेवडं सांग. रोज ब्रश धरताना शिव्या देत आसंल त्यो मला.” मी सांगतो म्हणालो. आणि रोज पुढे ढकलत गेलो, कारण यूसुफ ऐकून गप्प बसणारा नव्हता.

निघायच्या दिवशी विमानतळाची गाडी यार्डाच्या फाटकात लागली. सकाळचे दहा, ऊन करकरीत. बापूंनी बॅग खाली ठेवली आणि चालत आत गेले. मी त्यांच्या मागे होतो. यूसुफ शिडीवर चढून एका नव्या टाकीवर कुठल्याशा गावाचं नाव काढत होता. बापू शिडीपाशी थांबले. म्हणाले, “यूसुफभाय, जाता हूँ.” यूसुफनं वळून पाहिलं नाही. ब्रश चालत राहिला.

बापू तरीही गेले नाहीत. त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. रागानं नव्हे. दाखला टाइप व्हायची वाट बघताना ते माझ्या टेबलाशी उभे राहायचे, तसे उभे राहिले, हात मागे बांधून. शिडीवर यूसुफ, खाली आम्ही दोघं. वेळ भरपूर होता. एक वाक्य तर सहज झालं असतं.

“बापू, गाडी आलीय,” मी म्हणालो.

ते आणखी थोडा वेळ थांबले. मग फाटकाकडे चालायला लागले.